"ड्रॉ का घेतलास गं?" : बर्लिनच्या भिंतीची गोष्ट

पोस्ट मोठी झालीय, आधीच सांगतो. बुद्धिबळ येत नसेल तरी कळेल अशी लिहिलीय. ज्यांची मुलं कुठल्या ना कुठल्या स्पर्धेला जातात त्यांनी तर वेळ काढून वाचाच.

गेल्या रविवारी आपल्याकडच्या एका मंगल कार्यालयात शाळकरी मुलांची बुद्धिबळ स्पर्धा होती. बातमीसाठी गेलो होतो. चार ओळी आणि एक फोटो एवढंच काम होतं, पण एका पटापाशी थांबलो. दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. समोरचा मुलगा तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा आणि रेटिंग असलेला. मुलीकडे काळी मोहरी. तो सारखा चढून येत होता आणि ती एकेक मोहरं मारामारीत काढत पट मोकळा करत होती. शेवटी दोघांकडे राजा आणि चार-चार प्यादी उरली. कुणालाच आत घुसायला वाट नाही. मुलाने पंच काकांकडे पाहिलं, हात पुढे केला. बरोबरी.

पोरगी उड्या मारतच बाहेर आली. दारात वडील उभे.

"ड्रॉ का घेतलास गं?"

"पप्पा, माझ्याकडे काळे होते. आणि त्याला रेटिंग आहे."

"मग काय झालं? मारायचं ना. घाबरलीस तू."

पुढच्या फेरीत तिच्याकडे पांढरी मोहरी आली. दर चालीला ती दाराकडे बघत होती. वजीर लवकर बाहेर काढला, एक घोडा उगाच दिला, आणि वीस मिनिटांत हरली. वडील तेव्हा काही बोलले नाहीत. तीही बोलली नाही.

त्या गृहस्थांना नावं ठेवायला ही पोस्ट लिहीत नाहीये. त्यांनी जे म्हटलं तेच मीही एकेकाळी म्हटलेलं आहे, तेही जगज्जेतेपदाच्या लढतीबद्दल. ती गोष्ट सांगायची आहे.

साल २०००, ऑक्टोबर महिना. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो आणि संध्याकाळी एका दैनिकाच्या कार्यालयात एजन्सीच्या इंग्रजी बातम्या मराठीत करायला बसायचो. क्रीडा पानावर क्रिकेट सोडून काही आलं की ते माझ्याकडे. तेव्हा लंडनला गॅरी कास्पारोव्ह आणि व्लादिमिर क्रामनिक यांची लढत चालू होती. पहिला डाव बरोबरीत. तिसरा बरोबरीत. पुढे बरोबरी, बरोबरी, बरोबरी. आमचे वरिष्ठ म्हणायचे, "ड्रॉची बातमी नसते रे. दोन ओळीत टाक." मीही टाकायचो. वरून मित्रांना सांगायचो, की हा क्रामनिक भित्रा आहे, लढतच नाही.

आपण कशाबद्दल दोन ओळी टाकत होतो, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

आधी कास्पारोव्ह कोण होता ते बघा. १९८५ साली मॉस्कोत अनातोली कार्पोव्हला हरवून तो बाविसाव्या वर्षी जगज्जेता झाला. त्यानंतर पंधरा वर्षं तो गादीवर होता. मधे १९९३ ला जागतिक संघटनेशी म्हणजे फिडेशी भांडून बाहेर पडला, स्वतःची वेगळी चूल मांडली, तरी लोक खरा जगज्जेता त्यालाच मानत. १९९५ ला न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या इमारतीत त्याने आपल्या विश्वनाथन आनंदला हरवलं. जुलै १९९९ मध्ये त्याचं रेटिंग २८५१ ला पोचलं होतं. तोवर एवढं कुणाचंच झालं नव्हतं. त्याच्या खेळाची पद्धत म्हणजे तुफान. घरी तयारी इतकी जबरदस्त, की पंधरा-वीस चालींपर्यंत समोरचा त्याच्या पाठांतराशीच झगडत असायचा, आणि तिथून पुढे वजीर, हत्ती, घोडे सगळे घेऊन राजावर हल्ला. लोक त्याच्यापुढे बसायच्या आधीच अर्धे हरलेले असत.

आणि क्रामनिक? काळ्या समुद्राच्या काठावरच्या तुआप्से गावचा पोरगा, जन्म १९७५. गंमत म्हणजे त्याला पुढे आणणाऱ्यांत कास्पारोव्हच होता. १९९२ च्या मनिला ऑलिंपियाडला रशियाच्या संघात हा सोळा वर्षांचा मुलगा पाहिजेच, असा आग्रह कास्पारोव्हने धरला होता. लोकांनी भुवया उंचावल्या. मुलाने नऊ डावांत साडेआठ गुण करून तोंडं बंद केली. १९९५ ला आनंदविरुद्धच्या लढतीत तो कास्पारोव्हच्या मदतनीसांच्या चमूत होता. म्हणजे गुरूचं स्वयंपाकघर त्याने आतून पाहिलेलं होतं. कुठला मसाला कधी पडतो ते त्याला ठाऊक होतं.

आता एक गोष्ट लपवून चालणार नाही. ही लढत क्रामनिकच्या वाट्याला सरळ मार्गाने आली नव्हती. १९९८ मध्ये स्पेनमधल्या काझोर्ला इथे अ‍ॅलेक्सी शिरोव्ह आणि क्रामनिक यांच्यात लढत झाली होती. जो जिंकेल तो कास्पारोव्हचा आव्हानवीर, असं ठरलं होतं. शिरोव्ह साडेपाच विरुद्ध साडेतीनने जिंकला. पण प्रायोजक मिळाले नाहीत आणि त्याची कास्पारोव्हशी लढत कधी झालीच नाही. मग आनंदशी बोलणी झाली, तीही फिसकटली. शेवटी २००० मध्ये लढत मिळाली ती काझोर्लाला हरलेल्या क्रामनिकला. शिरोव्हवर अन्याय झाला, हे आजही बुद्धिबळातली माणसं मान्य करतात. म्हणजे जो माणूस लंडनच्या पटावर बसला त्याच्या नावामागे हे बोलणंही होतं, की याला इथं बसायचा हक्क काय.

लंडनच्या हॅमरस्मिथ भागातल्या रिव्हरसाइड स्टुडिओजमध्ये ८ ऑक्टोबरला पहिला डाव सुरू झाला. सोळा डावांची लढत, वीस लाख डॉलरची बक्षिसं. पहिल्या डावात पांढरी मोहरी कास्पारोव्हकडे.

आता पट डोळ्यांसमोर आणा. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे ढकललं. काळ्यानेही तेच केलं. दोघांनी एकेक घोडा काढला. मग पांढऱ्याने उंट लांबवर नेऊन काळ्याच्या त्या घोड्यासमोर बसवला. या सुरुवातीला रुई लोपेझ म्हणतात. १५६१ साली बुद्धिबळावर पुस्तक लिहिणाऱ्या एका स्पॅनिश धर्मगुरूचं हे नाव. साडेचारशे वर्षं खेळली जाणारी वाट आहे. इथे काळ्याकडे कितीतरी उत्तरं आहेत आणि त्यातल्या बहुतेकांवर कास्पारोव्हच्या वह्या भरलेल्या होत्या.

क्रामनिकने दुसरा घोडा बाहेर काढून पांढऱ्याच्या मधल्या प्याद्यावर रोखला. हा बर्लिन बचाव. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या खेळाडूंनी याचा अभ्यास केला म्हणून हे नाव. पण विसाव्या शतकाच्या शेवटी वरच्या पातळीवर तो फारसा कुणी खेळत नव्हतं. जुनापुराणा, निरस, काळ्याला कायम खालमानेनं बसायला लावणारा, असा त्याचा लौकिक. आपल्याकडे आजोबांची सायकल माळ्यावर पडलेली असते ना, तसा.

पुढे काय होतं बघा. पांढरा कॅसलिंग करून राजा सुरक्षित करतो. काळ्याचा घोडा मधलं प्यादं खातो. मग थोडी मारामारी होते आणि आठव्या चालीला दोन्ही वजीर पटावरून जातात. काळ्याच्या राजाला स्वतः पुढे होऊन पांढऱ्याचा वजीर मारावा लागतो. राजा हलला, म्हणजे आता कॅसलिंग नाही. काळ्याची दोन प्यादी एकाच रांगेत एकामागे एक अडकलेली. दुसऱ्या बाजूला पांढऱ्याकडे चार प्यादी आणि काळ्याकडे तीन. सगळी मोहरी मारामारीत संपली आणि नुसती प्यादी उरली तर काळा साधारणपणे हरतोच. नवशिक्याला हा पट दाखवा, तो म्हणेल काळ्याचं काही खरं नाही.

मग क्रामनिकने हे का निवडलं?

काळ्याच्या हातात काही गोष्टी उरतात. दोन्ही उंट उरतात, पांढऱ्याने त्याचा एक उंट घोड्यावर खर्च केलेला असतो. वजीर गेल्यामुळे उघड्यावरच्या राजालाही मोठा धोका नाही. आणि हल्ला करायला नेमकी जागा सापडत नाही. पांढऱ्याला थोडंसं बरं आहे, पण ते थोडंसं वसूल कसं करायचं ते कळत नाही. हळूहळू, तासन् तास, बारीक कुरघोड्या करत बसावं लागतं.

आणि कास्पारोव्हला नेमकं हेच नको होतं. त्याला वजीर हवा होता, धुरळा हवा होता, घरी केलेली तयारी वापरायला जागा हवी होती. क्रामनिकने आठ चालींत वजीर काढून घेतले आणि डाव अशा पटावर आणला जिथे त्याला स्वतःला घरासारखं वाटत होतं. आपल्या गावरान भाषेत सांगायचं तर समोरचा पैलवान अंगाने भारी आहे, उचलून आपटतो, हे माहीत असताना त्याला अंगाला हात लावायलाच न देणं.

पहिला डाव पंचवीस चालींत बरोबरीत सुटला. दुसऱ्या डावात पांढरी मोहरी क्रामनिककडे आली. कास्पारोव्हने ग्रुनफेल्ड बचाव खेळला, आणि क्रामनिक चाळीस चालींत जिंकला. हे विसरू नका. जो काळ्याने भिंत बांधत होता तोच पांढऱ्याने हल्ला करत होता. कास्पारोव्हने त्या लढतीत पुन्हा ग्रुनफेल्डला हात लावला नाही.

तिसऱ्या डावात कास्पारोव्ह पुन्हा त्याच भिंतीवर धडकला. त्रेपन्न चाली. पुन्हा बरोबरी. नवव्या डावात पुन्हा बर्लिन. तेहतीस चाली, बरोबरी. मधे त्याने दुसऱ्या सुरुवाती करून पाहिल्या. सातवा डाव तर पांढरी मोहरी असताना अकरा चालींत बरोबरीत सोडला. जगातला सगळ्यात आक्रमक खेळाडू, पांढरी मोहरी हातात, एका गुणाने मागे, आणि अकरा चालींत हात मिळवून उठतो. ही बातमी मीच केली असणार आणि दोन ओळींत टाकली असणार. त्या दोन ओळींतच अख्खी लढत होती. मला दिसली नाही.

दहाव्या डावात क्रामनिकने पांढऱ्याने पंचवीस चालींत कास्पारोव्हचा फडशा पाडला. आता अंतर दोन गुणांचं. तेराव्या डावात कास्पारोव्ह चौथ्यांदा बर्लिनपुढे बसला आणि चौदा चालींत बरोबरी झाली. पंधराव्या डावात, शेवटची आशा असताना, त्याने राजापुढच्या प्याद्याचा नादच सोडला आणि वजिराच्या बाजूने सुरुवात केली. तोही डाव बरोबरीत. २ नोव्हेंबर २०००, निकाल साडेआठ विरुद्ध साडेसहा. सोळावा डाव खेळायची गरजच उरली नाही.

आकडा बघा. कास्पारोव्हला आठ वेळा पांढरी मोहरी मिळाली. आठ डावांत विजय शून्य. जगज्जेता एकही डाव न जिंकता गादी घालवतो, असं त्याआधी १९२१ मध्ये झालं होतं, हवानाला, जेव्हा इमॅन्युएल लास्कर कापाब्लांकाकडून हरला. लोक त्या बचावाला नंतर बर्लिनची भिंत म्हणायला लागले. खरी भिंत पडून तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

पंधरा वर्षांची सत्ता अशी गेली. तेरा डाव बरोबरीत आणि दोन हार. मला हे आता राजकारणाच्या बातम्या करताना आठवतं. मोठी माणसं समोरून कुणी मारल्यामुळे पडतात असं आपण समजतो. पुष्कळदा ती पडतात कारण त्यांना सवयीचं मैदान मिळत नाही, आणि दुसऱ्या मैदानावर खेळायची तयारी त्यांनी कधी केलेलीच नसते.

आता कुणी म्हणेल, मग भिंत बांधून बसलं की झालं? तसं नाही. पुढचा इतिहासही ऐका.

पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, कझाकस्तानच्या अस्तानाला मोठी स्पर्धा झाली. शेवटच्या फेरीत कास्पारोव्हकडे पांढरी मोहरी, समोर क्रामनिक, आणि पुन्हा बर्लिन. या वेळी कास्पारोव्ह जिंकला आणि स्पर्धाही जिंकला. म्हणजे त्याने घरी बसून अभ्यास केला होता, आवडत नसलेलं मैदान शिकून घेतलं होतं. त्याच्यातला हा भाग मला फार मोठा वाटतो. मात्र गादी परत मिळाली नाही. पुन्हा लढत झाली नाही आणि २००५ ला लिनारेसची स्पर्धा जिंकून तो निवृत्त झाला.

शिरोव्हचं काय झालं? डिसेंबर २००० मध्ये, लंडननंतर दीड-दोन महिन्यांत, फिडेच्या जगज्जेतेपदाची अंतिम लढत तेहरानला झाली. एका बाजूला शिरोव्ह, दुसऱ्या बाजूला आनंद. आनंद साडेतीन विरुद्ध अर्ध्या गुणाने जिंकला आणि भारताचा पहिला जगज्जेता झाला. ती बातमी मात्र आम्ही मोठी लावली. शिरोव्हची सल त्या बातमीत कुठेच नव्हती.

आनंदची आणि बर्लिनची गाठ पुढे पडली. चेन्नईत २०१३ ला मॅग्नस कार्लसनने आनंदविरुद्ध काळ्याने हाच बचाव काढला. चौथा डाव चौसष्ट चालींत बरोबरीत सुटला, सहावा कार्लसन सदुसष्ट चालींत जिंकला. आनंदने घरच्या गावी एकही डाव न जिंकता गादी घालवली. दुसऱ्या वर्षी सोचीत पुन्हा तेच दोघे. आता आनंद काळ्याने बर्लिन खेळत होता. सातव्या डावात कार्लसनने त्याला १२२ चाली पिळलं. सहा तासांहून जास्त. चव्वेचाळीस वर्षांचा आपला माणूस एका इंचावर उभा राहिला आणि डाव वाचवला. बरोबरी! त्या दिवशी मी आमच्या पानावर जागा भांडून घेतली होती, एवढं सांगतो.

पण अकराव्या डावात तोच आनंद चुकला. बर्लिनच खेळत होता, चांगली स्थिती मिळवली होती, लढतीत एका गुणाने मागे होता. सत्ताविसाव्या चालीला त्याने हत्ती पुढे टाकून तो उंटाच्या बदल्यात देऊ केला. घाई झाली. पंचेचाळीस चालींत डाव गेला आणि लढतही गेली. मला तो डाव आठवला की मंगल कार्यालयातली ती पोरगी आठवते. आनंदला दारात कुणी उभं नव्हतं, पण एका गुणाची पिछाडी दारात उभी होती.

आणि शेवटचा डाव आपल्या नाशिकचा. एप्रिल २०२४, टोरांटो, कँडिडेट्स स्पर्धा. इथे जिंकणारा जगज्जेत्याला आव्हान देतो. दुसऱ्या फेरीत नाशिकचा विदित गुजराथी काळ्या मोहऱ्यांनी अमेरिकेच्या हिकारू नाकामुराविरुद्ध बसला. नाकामुरा तेव्हा ४७ डाव हरलेला नव्हता. विदितने काढला बर्लिन. हा बचाव म्हणजे निवांत बरोबरी, असं आता सगळे धरून चालतात. अकराव्या चालीला विदितने उंट थेट पांढऱ्याच्या राजासमोरच्या प्याद्यावर घातला. मोहरंच दिलं! घरून शिजवून आणलेली चाल होती. एकोणतीस चालींत नाकामुराने हार मानली. ज्या भिंतीला लोक चोवीस वर्षं भित्र्यांची भिंत म्हणत होते, तिच्याआडूनच विदित बाहेर पडला. ती स्पर्धा पुढे डी. गुकेशने जिंकली, विदितचे सहा गुण झाले, तो सहावा आला. पण तो डाव कुणी विसरणार नाही.

दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर एकतर्फी होईल. बर्लिनमुळे बुद्धिबळ कंटाळवाणं झालं, अशी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. दोघांनाही लढायचं नसेल तर पाठ केलेल्या चाली खेळून अर्ध्या तासात हात मिळवता येतो. प्रेक्षकांनी पैसे देऊन ते का बघावं? म्हणूनच २००५ ला बल्गेरियात सोफियाच्या स्पर्धेत नियम केला, की खेळाडूंनी आपसात बरोबरी ठरवायची नाही, पंचांकडे जायचं. पुढे बऱ्याच स्पर्धांनी असे नियम घेतले. बरं झालं.

म्हणून बरोबरी-बरोबरीत फरक करायला शिकलं पाहिजे. चहा गार व्हायच्या आत हात मिळवून उठणं ही एक बरोबरी. आपल्याहून बलवान माणूस चार तास दार ठोठावतोय आणि आपण कडी निघू देत नाही, ही दुसरी. निकालाच्या तक्त्यावर दोन्हींपुढे अर्धाच गुण लिहितात. म्हणून नुसता तक्ता वाचून चालत नाही, डाव बघावा लागतो.

आमच्या धंद्याची खोड हीच, की आम्ही तक्ता छापतो. कोण कुणावर तुटून पडला याची बातमी होते. ज्याने काही पडू दिलं नाही त्याची होत नाही. भर उन्हाळ्यात कुठल्यातरी गावात टँकर न लागता पाणी पुरलं, तर तिथल्या माणसाचं नाव तुम्ही पेपरात कधी वाचलंत? टाकी कोसळली की वाचता.

गेल्या वर्षी, २८ जुलै २०२५ ला, नागपूरची दिव्या देशमुख बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकली, तेही कोनेरू हंपीला हरवून, एकोणिसाव्या वर्षी. आनंदाने ऊर भरून आला. त्यानंतर आपल्याकडेही बुद्धिबळाच्या क्लासला गर्दी वाढली, हे मी स्वतः बघतोय. पण त्या अंतिम लढतीचे पहिले दोन डाव बरोबरीत सुटले होते आणि जलदगतीचा पहिला डावही बरोबरीतच होता, हे किती जणांच्या लक्षात आहे? हंपीसारख्या खेळाडूपुढे तीन वेळा न पडता उभी राहिली, म्हणून दिव्याला चौथा डाव जिंकायची संधी मिळाली. फोटो चौथ्या डावाचा निघतो.

तर त्या गृहस्थांना, आणि तुम्हा सगळ्यांना, एक विनंती. पोरं पटावरून उठून बाहेर आली की "जिंकलीस का?" हा पहिला प्रश्न विचारू नका. "कसा झाला डाव, दाखव बरं," असं म्हणा. आपल्याला बुद्धिबळ येत नसलं तरी चालतं. ती मांडून दाखवतात, तेव्हा आपोआप कळतं की घाबरून बरोबरी घेतलीय की झुंजून. घाबरून घेतली असेल तर तीच सांगेल, मुलं घरात खोटं बोलत नाहीत, आपण बोलू देतो तोवर.

त्या मुलीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिचा तो बरोबरीतला डाव मात्र मी उभा राहून शेवटपर्यंत पाहिला. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत विजेत्यांची नावं आली, पाहुण्यांची आली, मंगल कार्यालयाचंही आलं. त्या डावाची एक ओळसुद्धा आली नाही. बातमी मीच लिहिली होती.

म्हणून ही पोस्ट. पोरी, तुझ्यापर्यंत पोचली तर ऐक : काळे घेऊन, रेटिंगवाल्यासमोर, तू घेतलास तो अर्धा गुण पूर्ण मोलाचा होता.